अर्धं कुणी प्यायलं?

पहिल्या मंगळवारी मी पिशवीतून काचेचा पेला घेऊन गेले होते. गेटवरच्या काळजीवाहक काकांनी तो तिथंच काढून घेतला. काच आत चालत नाही. मग स्वयंपाकघरातल्या मावशींकडून स्टीलचा पेला मागून घेतला, त्यात अर्धं पाणी ओतलं आणि हॉलमध्ये गेले. स्टीलच्या पेल्यातलं पाणी बाहेरून दिसत नाही, हे मुलांसमोर उभी राहिल्यावर लक्षात आलं. तो तिरका धरून एकेकाच्या नाकाखाली नेत मी विचारत सुटले, "काय दिसतं?"

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत या प्रश्नाची दोनच उत्तरं दिली होती. अर्धा भरलेला म्हणणारा आशावादी, अर्धा रिकामा म्हणणारा निराशावादी. इथं एकानं "पाणी" असं सांगितलं. दुसरा म्हणाला, "बोअरचंय मॅडम, खारं लागतं." आणि कोपऱ्यात बसलेल्या, जेमतेम तेरा वर्षांच्या एका बारक्यानं विचारलं, "अर्धं कुणी प्यायलं?"

चार-पाच माना एकदम मागच्या रांगेतल्या एका दांडग्या मुलाकडे वळल्या आणि तितक्याच झटकन परत फिरल्या. त्याचा अर्थ कळायला मला चार आठवडे लागले. संध्याकाळी मिळणारं दूध धाकट्यांनी अर्धं त्या दांडग्याच्या पेल्यात ओतायचं, असा तिथला रिवाज होता. बारक्यानं भर हॉलमध्ये मला तक्रार सांगितली होती. मी ती गंमत समजून हसले आणि पुस्तिकेचं पान उलटलं.

हे निरीक्षणगृह कुठल्या जिल्ह्यातलं ते सांगत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. म्हणून इथं मुलांना नावं नाहीत आणि काही तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. कायद्याच्या भाषेत ही 'विधिसंघर्षग्रस्त बालकं'. हा शब्द मुलांना उच्चारता येत नाही. त्यांच्या आयांना तर नाहीच. सगळ्यांच्या तोंडी एकच, 'रिमांड होम'. मुंबई इलाख्यात बालकांसाठी वेगळा कायदा १९२४ मध्ये आला, १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली, त्यानंतर कायदे बदलत बदलत २०१५ च्या कायद्यापर्यंत आले. 'आरोपी', 'अटक', 'शिक्षा' हे शब्द कायद्यानं या मुलांपुरते काढून टाकले. आत आलेला प्रत्येक नवा मुलगा मात्र पहिल्या रात्री एकाच प्रश्नाला उत्तर देतो, "कलम काय?"

त्यात एक गंमत सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे आकडे बदलले. खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९ झालं, चोरीचं ३७९ आता ३०३. मुलांना हे पसंत नाही. कागदावर १०९ असलेला मुलगासुद्धा छाती काढून "तीनशे सात" असंच सांगतो. १०९ ला वजन नाही म्हणे.

मी तीस वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं विचारलं, मुलांसाठी 'सकारात्मक विचार प्रशिक्षण' घ्याल का? बारा मंगळवार, दर वेळी दोन तास. पुस्तिका तयार होती. त्यात पेला होता, ध्येयाचा तक्ता होता, मासिकातली चित्रं कापून 'माझं स्वप्न' चिकटवायची एक जागा होती. (कात्रीही आत चालत नाही. चित्रं मी घरूनच कापून न्यायचे, म्हणजे स्वप्नंही मीच निवडायचे.) आणि रोज सकाळी आरशासमोर म्हणायची वाक्यं होती: मी आनंदी आहे, मी शांत आहे, मी यशस्वी होणार आहे. आरसा अर्थातच नव्हता. आम्ही भिंतीकडे तोंड करून म्हटलं. तिसऱ्या वेळी मागून प्रश्न आला, "मॅडम, किती वेळा म्हणायचं? जामीन होईपर्यंत?"

सगळे हसले, मीही हसले. घरी येताना रिक्षात मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आत ज्याला तारीख कळत नाही, त्याच्या दृष्टीनं प्रत्येक उपक्रम हा जामीन होईपर्यंतचा वेळ काढण्याचाच असतो. कायदा सांगतो की जामीन हाच नियम, नाकारायला सबळ कारण लागतं. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर दोन महिने वाढवून घ्यावेत. पण जामिनासाठी ताब्यात घेणारं कुणीतरी यावं लागतं, आणि ज्यांचं कुणी येत नाही तेच मागे राहतात. म्हणजे माझ्यासमोर बसणारी मुलं ही सगळ्यांत वाईट गुन्हा केलेली नव्हती. कित्येक जण फक्त न्यायला कुणी न आलेले होते.

चौथ्या मंगळवारी दोन रकाने काढून दिले. डावीकडे नकारात्मक विचार, उजवीकडे सकारात्मक. एका सोळा वर्षांच्या मुलानं डावीकडे लिहिलं, 'सुटलो तरी एरियात काय झालं की पोलीस पहिलं मलाच उचलणार.' उजवीकडे लिहिलं, 'नाही उचलणार.' कागद माझ्या हातात द्यायच्या आधी त्यानं उजवीकडची ओळ खोडली.

"का रे?"

"खोटं लिहिलंय मॅडम. तुमच्यासाठी लिहिलं होतं."

वर्गात मी एलिस आणि बेक यांच्या उपचारपद्धती वर्षानुवर्षं शिकवल्या होत्या. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिखाणामुळे एलिस तर मराठी घरांत पोचलेला माणूस. त्यानं १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत विचार गोड आहे की कडू, हे विचारतच नाही. ती विचारते, तो पुराव्याला धरून आहे का, आणि तो धरून बसल्यानं तुझं काय होतंय? परीक्षेच्या पेपरात हा फरक मी पाच मार्कांना विचारलेला आहे. आणि स्वतः मात्र एका मुलाला खरी गोष्ट खोडून खोटी लिहायला लावत होते. पोलीस त्याला उचलणार हा नकारात्मक विचार नव्हता, तो त्याचा दोनदा घेतलेला अनुभव होता.

त्या रात्री मी पुस्तिका कपाटात ठेवली. संस्थेला तसं कळवलंही. त्यांचं उत्तर आलं, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र वाटप आणि ग्रुप फोटो तेवढा ठेवा. तो फोटो नंतर झाला. चेहरे दाखवता येत नाहीत, म्हणून मुलांना पाठमोरं उभं केलं. वीस-पंचवीस पाठी आणि हात उंचावून धरलेली प्रमाणपत्रं. त्यात हसतमुख अशी मी एकटीच आहे.

पाचव्या मंगळवारी लिंबं नेली.

ही युक्ती माझी नाही. शिकागोमध्ये 'बिकमिंग अ मॅन' नावाचा एक उपक्रम गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी चालतो, त्यातली आहे. तिथं चेंडू देतात. मी लिंबू दिलं, कारण लिंबू गेटवर अडवत नाहीत. जोड्या पाडायच्या. एकानं लिंबू मुठीत घट्ट धरायचं, दुसऱ्याला तीस सेकंदांत ते मिळवायचं. सूचना एवढीच.

तीस सेकंदांत हॉलचा आखाडा झाला. कुणी बोटं मागे पिळतोय, कुणी मनगटावर गुडघा टेकलाय, एकजण चावला. दोन लिंबं फुटली आणि रस एकाच्या डोळ्यात गेला. काका दारातून धावत आले, मी हातानंच थांबवलं. शिट्टी वाजवल्यावर सगळे धापा टाकत, लाल तोंडानं, खूश होऊन बसले. माझ्या सगळ्या सत्रांतलं हे त्यांना पहिलं आवडलेलं सत्र.

"किती जणांनी लिंबू मागितलं?"

कुणाला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारलं, समोरच्याला 'दे रे' असं कोण म्हणालं?

"मागून देतं का कुणी?" दांडगा म्हणाला. तोच तो, दुधाचा.

मी त्याच्या जोडीदाराला विचारलं, तू दिलं असतंस का? तो मनगट चोळत होता. म्हणाला, "दिलं असतं की. मला काय लोणचं घालायचंय लिंबाचं?"

शिकागोतली मुलंही नेमकं असंच काहीसं सांगतात, असं त्यावरच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. नुसतं मागितलं असतं तर दिला असता, साधा चेंडू तर आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते, म्हणजे तुलना चोख होती. उपक्रम चालू असताना मारहाणीसारख्या गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडच्या निरीक्षणगृहासारख्या तिथल्या एका कोठडीगृहात याच धर्तीचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा मुलं परत आत येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं. आकडे मोठे आहेत, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या मुलांना कुणी 'चांगले विचार करा' असं सांगितलेलं नव्हतं. हात उचलण्याआधी क्षणभर थांबून, समोर नेमकं काय आहे ते बघायला शिकवलं होतं. त्यांच्या गल्लीत झटकन हात उचलणं हे कधीकधी शहाणपणाचं असतं, हेही त्या उपक्रमानं नाकारलेलं नाही. माझ्या पुस्तिकेत गल्ली नव्हतीच. तिच्यात फक्त पेला होता.

दांडगा त्या दिवशी जाताना थांबला. "मॅडम, मी पहिल्यांदा आलो होतो ना, तेव्हा माझंबी दूध घ्यायचे." एवढंच बोलला आणि जेवायच्या रांगेत गेला. दुधाची भानगड मला अशी कळली. अधीक्षकांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून नियम केला, दूध काकांसमोर उभं राहून, जागच्या जागी पिऊन संपवायचं आणि पेला उपडा करून दाखवायचा. पंधरा दिवसांत बारका भिंत सोडून मध्ये बसायला लागला. त्याचं आमच्या नोंदवहीत 'उदासीनता, चिडचिड, सहभाग नाही' असं वर्णन मीच केलेलं होतं. पोरगं भुकेलं होतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. मानसिक आरोग्य म्हणून जे आम्ही लिहितो त्यातलं बरंचसं झोप, भूक, खरूज आणि नशा यांच्यात असतं. 'सोल्युशन' हुंगणारा मुलगा आत आल्यावर पहिले काही दिवस घाम फुटून, हात थरथरत बसतो, रात्री ओरडतो. त्याच्यासमोर विचारांचे रकाने काढणं हा अडाणीपणा आहे, त्याला डॉक्टर लागतो. तसंच जो मुलगा ब्लेडचा तुकडा लपवतो, जो जेवण सोडतो, जो स्वतःच्या वस्तू दुसऱ्यांना वाटायला लागतो, त्याच्यासाठी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायचं. आमच्यासारख्यांनी तिथं बाजूला व्हायचं. हे मला माहीत होतं, तरी पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

लिंबानंतर आमचा शब्द ठरला: 'अजून काय असू शकतं?'

तो ठरला खुन्नसवरून. यांच्यातली निम्मी भांडणं 'त्यानं खुन्नस दिली' इथून सुरू होतात. खुन्नस म्हणजे काय, तर बघणं. कुणीतरी दोन सेकंद जास्त बघितलं. केनेथ डॉज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवून दिलं की, आक्रमक मुलं समोरच्याच्या संदिग्ध वागण्यात वैर आधी वाचतात. धक्का चुकून लागला की मुद्दाम दिला, हे कळत नसेल तर ती 'मुद्दाम' धरून चालतात. आम्ही एक घटना घ्यायचो. तू टपरीवर उभा आहेस, समोरचा टक लावून बघतोय. पहिला अर्थ ठरलेला, खुन्नस. अजून काय असू शकतं?

सुरुवातीला कुणाला काही सुचेना. मग सुरू झालं. त्याला उन्हामुळं दिसत नसेल. तो दुसऱ्याच कुणाला तरी शोधत असेल. त्याचा चष्मा फुटला असेल. तो पिऊन असेल. "आपल्या मागं त्याची आयटम उभी असंल." एकजण बराच वेळ विचार करून म्हणाला, "त्याला माझा शर्ट आवडला असंल." हा मुलगा मारामारीत चाकू काढला म्हणून आत होता. त्यानंतर बाकीचे त्याला येता-जाता चिडवायचे, "शर्ट मस्तंय भावा." तोही हसायचा. एरवी हसत नसे.

यातल्या कुठल्याच उत्तराला मी सकारात्मक म्हणणार नाही. 'तो पिऊन असेल' हा काही सुंदर विचार नव्हे. पण एकाच्या जागी चार अर्थ उभे राहिले की हात जरा उशिरा उठतो. मला तेवढाच उशीर हवा होता.

आता माझी चूक सांगते, कारण तिच्याशिवाय हे सगळं फार सुरळीत वाटेल.

बीडकडचा एक मुलगा होता. पंधरा वर्षांचा, मोटारसायकल चोरीत तिघांबरोबर सापडलेला. बाकीच्या दोघांना आठवड्याभरात घरचे घेऊन गेले, हा राहिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला उठवलं तर उठायचा, खेळायला बोलावलं तर मान हलवायचा. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेला प्रयोग मी दर वर्षी शिकवत असे. आधी सुटकेचा काही मार्गच नसलेले धक्के सोसलेली कुत्री नंतर नुसती फळी ओलांडून सुटता येत असतानाही जागची हलत नाहीत. मी त्या मुलाकडे बघून मनात लगेच चिठ्ठी चिकटवली, 'शिकलेली असहायता'. आणि पुस्तिका कपाटात ठेवली असं वर लिहिलं असलं, तरी ती माझ्या अंगात मुरलेलीच होती. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "शनिवारी भेटीचा दिवस आहे. आई येणार असं मनात धर. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आण. मनापासून धरलं की होतं."

त्यानं धरलं. शुक्रवारी त्यानं शर्ट धुतला. शनिवारी सकाळपासून तो भेटीच्या खोलीच्या दाराशी उभा होता, काकांनी मला नंतर सांगितलं. चार वाजता भेटीची वेळ संपली. साडेचारला त्यानं संडासाच्या भिंतीवर उजवा हात इतक्या जोरानं मारला की, दोन बोटांची हाडं मोडली.

मंगळवारी मी गेले तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. तो माझ्याशी बोलला नाही. बोलावं असं माझ्याकडेही काही नव्हतं. मी "माझं चुकलं" म्हणाले. वाक्य अगदीच लहान वाटलं. पण त्यानं मान वळवून बघितलं, बहुतेक कुठली मॅडम असं म्हणत नसावी.

पुढचे दोन मंगळवार मी नुसती शेजारी बसले. तिसऱ्या वेळी तो आपणहून म्हणाला, "आईनं सोडलं मला." दूर बसून ऐकणारा दांडगा मध्येच बोलला. "अजून काय असू शकतं?" आमचाच प्रश्न, पण त्यानं तो थट्टेनं विचारला नव्हता.

बराच वेळ गेला. मग मुलगा म्हणाला, "ती फडात असंल."

डिसेंबर चालू होता. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या पुढेमागे लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. बाप दोन वर्षांपूर्वी गेल्यामुळे त्याची आई अर्धा कोयता म्हणून मामाच्या टोळीत लागली होती. खाडा झाला की पैसे कापतात, आणि एसटीनं येऊन-जाऊन तिचे दोन दिवस गेले असते. हे सगळं त्यानंच सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. त्याला हे माहीत होतं. 'आईनं सोडलं' हे एकच वाक्य इतकं मोठं होऊन पुढं उभं होतं की, त्यामागचा फड, मुकादम, उचल, काहीच दिसत नव्हतं.

परिविक्षा अधिकारी मॅडम त्याच्या सामाजिक तपासणी अहवालासाठी तिच्या पत्त्यावर दोनदा जाऊन आल्या होत्या. घराला कुलूप. आता मुकादमाचं नाव मिळालं, त्याच्यावरून टोळी मिळाली आणि मुकादमाच्याच फोनवर एका रात्री आई बोलली. काकांनी फोन स्पीकरवर धरला होता, कारण त्याच्या हाताला प्लॅस्टर. ती पहिल्यांदा काय म्हणाली, तर "जेवला का?" त्यानं हो सांगितलं. मग दोघंही गप्प. मागून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

तिला त्याला पकडलं एवढंच कळलं होतं, कुठं ठेवलंय ते कुणी सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, ती आली. बाल न्याय मंडळासमोर अंगठा देऊन त्याला घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "बाई, शाळेत परत घेत्याल का?" मी 'नक्की घेतील' असं म्हणाले नाही. तोपर्यंत एवढं शिकले होते. म्हटलं, "मी विचारते."

विचारलं. शाळेनं घेतलं नाही. कायद्याचं कलम २४ सांगतं की, अशा प्रकरणामुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटू नये, अपिलाची मुदत गेल्यावर कागदपत्रंही नष्ट करावीत. कागद नष्ट होतात. तालुक्याच्या गावात शाळेच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत असतं, आणि ते नष्ट करायची तरतूद नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला. त्यातून पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगायचा हक्क त्याचा.

गेल्या सहा वर्षांत मी आठ तुकड्या घेतल्या. कार्यक्रमाचं नाव अजून 'सकारात्मक विचार प्रशिक्षण' हेच आहे, कारण कागदोपत्री तेच मंजूर आहे. आत पेला नाही, वाक्यं नाहीत. लिंबू आहे, खुन्नस आहे, आणि मुलांनी वाढवलेला एक खेळ आहे. एकजण तारखेला मंडळासमोर उभा राहायचा सराव करतो. बाकीचे मॅजिस्ट्रेट साहेब आणि दोन सदस्य होतात आणि त्याला अवघड प्रश्न विचारतात. मॅजिस्ट्रेट होणारी मुलं भयंकर कडक असतात. शर्टवाल्यानं एकदा आपल्याच मित्राला तीन वर्षं विशेष गृहात पाठवलं होतं.

सगळ्यांना याचा उपयोग झाला असं नाही. शर्टवाला सुटला आणि वर्षभरात परत आला, पुन्हा मारामारीच. मला बघून म्हणाला, "विचार केला होता मॅडम. दोन अर्थ काढले. तिसरा काढायच्या आत त्यानं मारलं." मी त्याच्यावर विश्वास ठेवते. त्याच्या गल्लीत तसं घडूच शकतं.

१४ नोव्हेंबर जवळ आला की मला फोन येतात. बालदिनानिमित्त मुलांसमोर प्रेरणादायी भाषण द्यायचंय, खाऊ वाटायचाय, अर्धा तास मिळेल का? मी अधीक्षकांकडे पाठवत नाही, आधी स्वतःच विचारते. भाषण नको, काही हातचं काम येतं का? आणि सलग बारा मंगळवार जमतील का? बहुतेक जण नंतर कळवतो म्हणतात. आजवर चौघांना जमलं. एक मोटार वायंडिंग शिकवतो, एक बेकरीवाला आहे, एका निवृत्त शिक्षिकेनं दोघांना वाचायला शिकवलं. चौथा सलूनवाला. त्याची कात्री गेटवर मोजून आत सोडतात आणि मोजून बाहेर काढतात. गेल्या जूनपासून त्याच्या दुकानात आमच्याकडचा एक मुलगा कामाला आहे. गिऱ्हाइकांना माहीत नाही, आणि त्यानं सांगितलेलंही नाही.